क्लॅट गटाच्या नोंदी : कराड, ऑगस्ट २०२४ ते जून २०२५

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

वाचनालयाने अभ्यासिकेची मागची खोली रविवारपुरती दिली. आजपासून गट सुरू. सगळी मुलं बारावीची, बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली. १ डिसेंबरला क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, त्यानंतर बोर्ड, आणि उन्हाळ्यात राज्याची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी. इंग्रजीचे निवृत्त सर उतारे घेणार आहेत. कायदा आणि चालू घडामोडी माझ्याकडे. कोर्टाचं काम सांभाळून रविवार एवढाच मोकळा असतो, म्हणून मुलांनी आठवडाभर काय करायचं ते इथेच ठरवून द्यायचं.

पेपरचं स्वरूप फळ्यावर लिहिलं: १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तार्किक विचार आणि थोडं गणित. सगळं उताऱ्यांवर, एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत. पेपर फक्त इंग्रजीत. हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर खोलीतली चुळबुळ थांबली.

मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही, फक्त कशाची भीती वाटते ते लिहायचं. घरी येऊन वाचल्या. ‘इंग्रजी वेळेत वाचून होणार नाही.’ ‘पुण्या-मुंबईची मुलं अकरावीपासून क्लासला जातात.’ ‘फॉर्मचे चार हजार वाया गेले तर?’ ‘पप्पांनी सगळ्या भावकीत सांगितलंय.’ ‘मला कायदा काहीच येत नाही.’

चिठ्ठ्यांचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगातल्या भीतीला सराव हे औषध आहे. दुसऱ्या ढिगातल्या भीतीवर माझ्याकडे किंवा सरांकडे उपाय नाही, तिच्याबद्दल खरं बोलावं लागेल. ही विभागणी शेवटपर्यंत ठेवायचा विचार आहे.

१ सप्टेंबर

‘मला कायदा काहीच येत नाही’ या चिठ्ठीपासून सुरुवात केली, कारण ती सगळ्यात लवकर उतरणारी भीती आहे. क्लॅटला कायदा पाठ असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो आणि तो समोरच्या प्रसंगाला लावायचा असतो.

मी मराठीत एक उतारा लिहून नेला होता. नियम असा: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणं हा अतिक्रमणाचा दिवाणी दोष (अपकृत्य) आहे, आणि ‘मला ती माझीच जमीन वाटली’ हा बचाव चालत नाही. प्रसंग असा: शेजाऱ्याने बांध आपलाच समजून दोन सऱ्या पलीकडे नांगरल्या. तो दोषी का?

एकजात सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं. कोयनाकाठच्या गावातून येणारी मुलगी तर चिडलीच. “मॅडम, त्याला माहीतच नव्हतं! मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी.” बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आमच्या भागात कमी नाहीत, त्यामुळे या प्रश्नावर प्रत्येकाचं आधीच मत होतं. तासभर वाद झाला. शेवटी कबूल झालं की पेपरपुरतं आपलं मत बाजूला ठेवायचं आणि उताऱ्यातला नियम जिथे नेईल तिथे जायचं.

जाताना तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे हे येतं मला. फक्त भांडायचं नाही.” तिच्या बोलण्यातला सुटकेचा सूर मला ऐकू आला.

२२ सप्टेंबर

गणपतीत दोन आठवडे उपस्थिती पातळ होती. मुलं मंडळात, रात्री उशिरापर्यंत जाग, त्याबद्दल मी कुणाला बोलले नाही. सणाच्या दिवसांत घरात बसवून ठेवलेलं मूल पुस्तक उघडून आवाज ऐकत बसतं.

आज इंग्रजीच्या वेगाचं काम. सर घड्याळ लावत नाहीत. ते म्हणतात, वेग नंतर येतो, आधी वाक्य धरता आलं पाहिजे. पद्धत साधी आहे: इंग्रजी वृत्तपत्राच्या अग्रलेखातला एक परिच्छेद वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि लेखकाचं म्हणणं मराठीत शेजाऱ्याला सांगायचं. पहिल्यांदा मुलं शब्दाला शब्द लावत होती. सर थांबवत आणि विचारत, “तो चिडलाय का? कुणावर? का?” चौथ्या-पाचव्या परिच्छेदाला सांगणं जमू लागलं. अडलेले शब्द लगेच शोधायचे नाहीत, आधी आजूबाजूच्या वाक्यांवरून अंदाज करायचा. परीक्षेत कोश मिळणार नाही.

मला स्वतःला हे फार पटलं. मराठीत समजून घ्यायला लाज वाटली की मूल इंग्रजीत समजल्याचं नाटक करतं आणि प्रश्नावर अडकतं.

६ ऑक्टोबर

३ तारखेला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही त्याच दिवशी. मुलांनी ती बातमी मोठ्या आनंदाने आणली होती, आणि चालू घडामोडींची वही कशी भरायची हे दाखवायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नव्हतं. नुसती तारीख लिहून भागत नाही: आधी कोणत्या भाषांना दर्जा होता (तमिळ, संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडिया), निकष काय, निर्णय कोण घेतं. प्रश्न या शेपटीवर येतात.

नवे फौजदारी कायदे १ जुलैपासून लागू आहेत. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम: तिन्ही नावं आणि कोण कुणाच्या जागी आलं हे पक्कं करून घेतलं. कोर्टात आम्हा वकिलांचीच अजून जुनी कलमं तोंडातून जात नाहीत, मुलांना उलट सोपं जातंय.

२० ऑक्टोबर

आज पालकांची बैठक. अर्जाची मुदत २२ तारखेपर्यंत वाढली आहे. दोघांचे अर्ज पैशांसाठी अडले होते, ते भरले गेले. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या उमेदवारांना साडेतीन हजार, बाकीच्यांना चार. मजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम जड आहे आणि ती परत मिळत नाही. मुलाच्या डोक्यावर त्या पैशांचं ओझं परीक्षेपर्यंत बसून राहतं. हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पालकांपुढे मी एकच विषय ठेवला: घरात शिरताक्षणी “किती पडले?” विचारू नका. एक काका म्हणाले, “मग विचारायचं तरी काय? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.” प्रामाणिक प्रश्न होता. सरांनी सुचवलं, “आज कोणता उतारा आवडला ते विचारा, आणि मराठीत सांगायला लावा.” मुलाची उजळणीही होते आणि घरात आकड्याऐवजी गोष्ट येते.

दुसरी गोष्ट मला खरंच सांगायची होती. क्लॅट हुकली म्हणजे वकिली हुकली, असं घरोघरी वाटतं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४ पासून, आणि या दोन्हीकडची वाट राज्याच्या सीईटीतून जाते. त्या परीक्षेत पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कराडातच वकिली केलेले यशवंतराव चव्हाण पुण्याच्या लॉ कॉलेजातूनच १९४१ मध्ये एलएलबी झाले. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जाते, हेही आकड्यानिशी सांगितलं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, त्यामुळे देशभरच्या क्रमांकाकडे बघून लगेच हातपाय गाळायचे नाहीत.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला पूर्ण सराव पेपर. खऱ्या वेळेलाच घेतला, दुपारी दोन ते चार. ही आपल्याकडे डोळा लागायची वेळ. मुलं घरून पोटभर जेवून आली आणि पावणेतीनला निम्मी जांभया देत होती. आता रविवारचं जेवण बाराला, हलकं, आणि आठवड्यातले दोन दिवस तरी याच वेळेला पेपर सोडवायचा.

ओएमआरच्या, म्हणजे गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेच्या, छापील नमुन्याच्या झेरॉक्स वापरल्या. गोळे कधी काळे करायचे यावर मुलांचे तीन पंथ होते. शेवटी सगळे एकदम करणाऱ्या मुलाचे वीसेक गोळे राहून गेले. उतारा संपला की त्या उताऱ्याचे गोळे, असं ठरलं.

निम्म्या पेपरला एका मुलीचे हात गार पडले, अक्षरं दिसेनात. मी तिला बाहेर नेलं नाही. परीक्षेत बाहेर जाता येणार नाही, तेव्हा उपाय बाकावरच सापडायला हवा. पेन खाली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवलेले, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, असं पाच-सहा वेळा. मग ज्या विभागात हात बसलाय त्याचा सगळ्यात छोटा उतारा उघडायचा, कितीही मागे-पुढे असला तरी. तिने पेपर पूर्ण केला. नंतर सगळ्यांकडूनच हे करून घेतलं, कारण ज्याला आज झालं नाही त्याला १ तारखेला होऊ शकतं. छाती धडधडणं म्हणजे अभ्यास पुसला जाणं नव्हे, शरीर जागं झालेलं असतं. हे कळल्यावर त्या धडधडीचीच जी वेगळी भीती वाटते, ती तरी कमी होते.

चालू घडामोडींत या आठवड्याचा मोठा निकाल: ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख)मधल्या समाजाच्या ‘भौतिक साधनसंपत्ती’त मोडत नाही. प्रकरणाचं मूळ मुंबईतल्या जुन्या, दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींत आहे, हे सांगितल्यावर मुलांना ते जवळचं वाटलं.

१७ नोव्हेंबर

विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा रविवार. भोंग्यांमुळे खोलीत बोलणं ऐकू येईना. मी खिडक्या लावायला निघाले तर सर म्हणाले, राहू द्या. परीक्षा केंद्राबाहेर लग्नाची वरात असली तर? गोंगाटातच पेपर झाला, आणि गुण फारसे घसरले नाहीत.

आज एका मुलाशी वेगळं बोलले. गेले कित्येक दिवस त्याला झोप नाही, जेवणावरून मन उडालंय, पेपर कोराच ठेवतो. हे श्वासाच्या सरावाने सुटणारं नाही. त्याच्या आईला बोलावून घेतलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिला. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्याने माझ्यासमोरच फोन केला, मी खोलीबाहेर थांबले. आईने पुढे साताऱ्यात समुपदेशकाची वेळ घेतली. परीक्षा द्यायची की नाही हे त्याने नंतर ठरवावं. गटात तो आला तरी चालेल, नुसता बसला तरी चालेल.

ही नोंद मुद्दाम सविस्तर ठेवते आहे. अभ्यास घेणाऱ्या माणसाने आपलं काम कुठे संपतं हे ओळखून तिथे योग्य माणसाकडे मूल सोपवलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर

काल विधानसभेचे निकाल लागले, गावभर गुलाल. उद्या यशवंतरावांची पुण्यतिथी, प्रीतिसंगमावर नेत्यांची रीघ, रस्ते बंद. त्यामुळे आठवड्यातला पेपर मंगळवारी.

नवं काही शिकवायचं नाही असं ठरवलं. चुकांच्या वह्या चाळल्या. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं असा नियम आहे: वाचलं नाही, नियम सोडून स्वतःचं मत लावलं, वेळ संपली, की येतच नव्हतं. ‘येतच नव्हतं’ या रकान्यात सगळ्यात कमी नोंदी निघाल्या. मुलांनी स्वतः मोजलं. त्याचा परिणाम माझ्या कुठल्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त झाला.

ज्या टेलिग्राम गटांवर कुणी किती गुण मिळवले याच्या याद्या फिरतात, त्यातून सगळे एकदम बाहेर पडले. कल्पना बांधावरून भांडलेल्या मुलीची.

१ डिसेंबर, पुणे

काल दुपारीच निघालो. रविवारी सकाळी निघून खंबाटकी घाटात अडकायचा धोका घ्यायचा नव्हता. मुलं नातेवाइकांकडे, दोघी माझ्या मावशीकडे. संध्याकाळी केंद्राचं फाटक बघून आलो. बस कुठे थांबते, पाणी कुठे मिळतं, प्रसाधनगृह कुठे, एवढंच.

साधं काट्यांचं घड्याळ, पेनं, प्रवेशपत्र, ओळखपत्र, पारदर्शक बाटली. बाराला पिठलं-भात. दीडला मुलं आत गेली.

चारनंतर बाहेर आली तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही, त्यांनीच सांगितलं. वेळ पुरला, असं बहुतेकांनी सांगितलं. हात गार पडणारी मुलगी म्हणाली, “दुसऱ्या उताऱ्याला झालं. पेन ठेवलं. मग परत उचललं.” ज्या मुलाला झोप येत नव्हती तो परीक्षेला आला नव्हता. सकाळी त्याचा मेसेज आला होता: सीईटी देईन, सगळ्यांना शुभेच्छा सांगा.

८ डिसेंबर

निकाल आला. दोघींचे गुण राखीव जागांच्या आशेला पुरेसे, बाकीचे मागे. मागे राहिलेल्यांसोबत आज बराच वेळ बसले. सीईटीचं बोललोच नाही, बोर्डाचंही नाही. रडणाऱ्याला लगेच पुढचं वेळापत्रक दाखवणं मला क्रूर वाटतं.

२२ डिसेंबर

आता जे चाललंय ते आमच्या कुठल्याच तयारीत नव्हतं. २० तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने पेपरमधल्या दोन प्रश्नांच्या उत्तरसूचीत चूक असल्याचं मान्य करून निकाल सुधारायला सांगितलं. प्रवेशफेऱ्या लांबणार असं दिसतं. याचिका करणारा उमेदवार आमच्या मुलांच्याच वयाचा. दोघींच्या क्रमांकाचं काय होणार, कुणालाच सांगता येत नाही.

ही ऑगस्टमधल्या दुसऱ्या ढिगातली भीती. सरावाने कमी होणारी नाही. मग निर्णयाची प्रत छापून आणली आणि सगळे मिळून वाचली. राज्यघटनेचा अनुच्छेद २२६, म्हणजे उच्च न्यायालयाचा रिट काढण्याचा अधिकार, काय आहे, उच्च न्यायालय परीक्षा मंडळाच्या तज्ज्ञांच्या उत्तरात कधी हात घालतं. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता (१९८३) आणि रणविजय सिंह (२०१८) हे दोन निवाडे सोप्या भाषेत सांगितले: उत्तरसूची बरोबर आहे असंच धरून चालायचं, ती उघडपणे चूक आहे हे दाखवण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर, आणि शंका असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला. एवढी उंच पायरी असूनही तो मुलगा दोन प्रश्नांवर ती चढला.

वाचता वाचता मुलांचे चेहरे बदलले. इतके महिने ज्याला ते ‘कायदेविषयक तर्क’ म्हणत होते तो इथे त्यांच्याच पेपरवर चालला होता: नियम, प्रसंग, निष्कर्ष. काळजी गेली नाही. पण रोज दहा वेळा संकेतस्थळ उघडण्याऐवजी आता आठवड्यातून एकदा, रविवारी, मी प्रकरणाची स्थिती सांगेन असं ठरलं.

९ फेब्रुवारी २०२५

परवापासून बारावी. गट १८ मार्चपर्यंत बंद. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाकडे एकत्र पाठवल्या, एवढी बातमी दिली. आता काही महिने तिकडे बघायचं नाही.

२७ एप्रिल

मुलं थकलीत. बोर्ड झालं, सीईटी तोंडावर, आणि २३ तारखेला दिल्लीच्या खंडपीठाने आणखी प्रश्नांबाबत निकाल देऊन गुणवत्ता यादी नव्याने करायला सांगितलं. एका मुलीची आई फोनवर म्हणाली, “मॅडम, पोरगी पास झालीय का नाही एवढं तरी सांगा.” यात पास-नापास नसतं आणि अंतिम क्रमांक अजून ठरलेला नाही, हेच खरं उत्तर होतं, आणि तेच दिलं. धीर देण्यासाठी खोटी खात्री दिली तर पुढच्या आदेशाला मूल दुसऱ्यांदा कोसळतं.

सीईटीसाठी एवढंच: इथे गुण कापत नाहीत, तेव्हा १२०पैकी एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. क्लॅटमुळे सोडून द्यायची सवय लागलेली असते, ती मुद्दाम मोडावी लागली.

११ मे

५ तारखेला बारावीचा निकाल, सगळे पास. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश: काही प्रश्न वगळले, काहींच्या गुणांत बदल, आणि प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले त्याबद्दल नाराजी. पीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. येत्या बुधवारी ते सरन्यायाधीशपदाची शपथ घेणार आहेत. मुलांनी ते आपणहून वहीत लिहिलं.

एका परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवरून हजारो मुलांचे पाच महिने असे लटकत राहावेत याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. मुलांनी परीक्षेची तयारी वर्षभर केली. प्रश्न काढणाऱ्यांनी तेवढीच काळजी घ्यायला हवी होती.

१ जून

सुधारित निकाल लागला, प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या. दोघींपैकी एकीचं छत्रपती संभाजीनगरसाठी जवळपास जमतंय. बांधावरून भांडलेली मुलगी सीईटीने पुण्याकडे जाईल असं दिसतं, आणि ती त्यावर खूश आहे. ज्या मुलाने क्लॅट दिली नाही त्याची सीईटी चांगली गेली. पण यंदा घराजवळच बी.ए. करून तीन वर्षांच्या कायद्याकडे नंतर वळायचा त्याचा विचार आहे. त्याची झोप परत आली आहे, वजनही.

नव्या गटासाठी सरांशी बोलून ठरलं ते लिहून ठेवते. मराठीत सांगायचा तास रविवारऐवजी रोज अर्धा तास, मुलांनी आपापसात. दुपारी दोनचे पेपर दिवाळीआधीच सुरू. अर्जाच्या पैशांसाठी वाचनालयाच्या वार्षिक सभेत छोट्या निधीचा ठराव मांडायचा, त्याचा मसुदा मी करते. पालकांची बैठक पहिल्याच महिन्यात, आणि समुपदेशकांना त्या बैठकीला बोलवायचं. चिठ्ठ्या पुन्हा पहिल्या दिवशी.

जुनी मुलं जुलैत येऊन नव्यांना ओएमआर भरायला शिकवणार आहेत. खोलीची चावी ग्रंथपाल काकांकडे आहे.